लोलांनी काढलेल्या दोन चुका

सुके बोंबील भाजायचे असतील तर घरातल्या खिडक्या आधी लावून घ्यायच्या की आधी उघडायच्या, यावर माझ्या आईबाबांचं आयुष्यभर एकमत झालं नाही. आई म्हणे, लावून घ्या, म्हणजे वास बाहेर जाणार नाही. बाबा म्हणत, उघडा, म्हणजे घरात राहणार नाही. आम्ही तेव्हा लंडनमध्ये इल्फर्डच्या बाजूला एका हॉस्पिटलच्या आवारात, डॉक्टरांसाठी आणि सिस्टरांसाठी बांधलेल्या विटांच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो, आणि खिडक्या उघड्या असोत की बंद, वासाला जायचं तिथे तो जायचाच. वरच्या मजल्यावर एक आयरिश डॉक्टरबाई राहत. त्या बिचाऱ्या काही बोलत नसत, फक्त त्यांचं मांजर आमच्या दाराशी येऊन बसे. पण इमारतींची देखभाल बघणारे एक गृहस्थ होते, ते हातात वही घेऊन हजर होत आणि अदबीने विचारत, “डॉक्टर, तुमच्याकडच्या ड्रेन्सचा काही प्रॉब्लेम आहे का?” बाबाही तितक्याच गंभीरपणे म्हणत, “आय विल लुक इनटू इट.” मग ते गेले की आम्ही जेवायला बसत असू. बोंबील मुंबईहून येणाऱ्या कुणाच्या ना कुणाच्या बॅगेतून येत, साडीच्या घडीत गुंडाळलेले. त्या साडीचं पुढे काय होई ते मला माहीत नाही.

एका शनिवारी मात्र ते गृहस्थ आले तेव्हा आई पदर खोचून दारात उभी राहिली. आज तिच्या गॅसवर दुधाशिवाय काही नव्हतं, आणि वास तर इतका खमंग सुटला होता की मीच दोनदा स्वयंपाकघरात डोकावून आले होते. “अहो, सांगा ना त्यांना, आज आपण नाही!” ती बाबांना म्हणाली. निरपराध असण्याची अशी संधी बाबांनाही पहिल्यांदाच मिळालेली. त्यांनी त्या गृहस्थांना घरात बोलावून पातेल्यांची झाकणं उघडून दाखवली. वास येत होता समोरच्या दारातून. तिथे लूझ नावाची फिलिपिनो सिस्टर नुकतीच राहायला आली होती, बाबांच्याच वॉर्डात काम करणारी, आणि ती आपल्या देशातले खारवलेले मासे तळत होती. आईने तिचं दार ठोठावलं, तव्याकडे पाहिलं, आणि इंग्रजी-मराठी काहीही न बोलता घरी येऊन डब्यातले चार बोंबील तिला नेऊन दिले. त्या दिवसापासून आमची दोन्ही दारं उघडीच राहू लागली. ड्रेन्सचा प्रॉब्लेम दोघींनी वाटून घेतला.

आता बाबांविषयी सांगायला हवं, कारण हे सगळं प्रकरण माझ्या त्यांच्याशी झालेल्या भांडणाचं आहे. बाबा सर्जन व्हायला म्हणून विलायतेत आले आणि म्हाताऱ्यांच्या वॉर्डात रजिस्ट्रार, म्हणजे कन्सल्टंटच्या हाताखालचे डॉक्टर, झाले. आमच्यासारख्या डॉक्टरांना तेव्हा जिथे इथल्यांना जायचं नसे तिथेच जागा मिळत. त्यांनी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही, पण मनातून ते अजून निघालेलेच होते, अमेरिकेला. त्यांचे धाकटे भाऊ, आमचे वसंतकाका, अमेरिकेत होते. त्यांच्याकडून फोटो येत: काका आणि गाडी, काकू आणि फ्रिज, काका आणि दुसरी गाडी. अमेरिका आमच्या देवघरात नव्हती एवढंच, बाकी तिचं सगळं नित्यनेमाने चालू असे. “तिकडे माणसाची कदर आहे, विजू,” बाबा म्हणत, “तू डॉक्टर हो, मग बघ, तुला डोक्यावर घेतील.” मी मान हलवत असे. मला डॉक्टर व्हायचं नव्हतं. मला इतिहास शिकायचा होता, आणि हे मी सतराव्या वर्षापर्यंत फक्त आईला सांगितलं होतं. आई म्हणाली होती, “मला काही कळत नाही, पण त्यांना तू स्वतः सांग. माझ्या खांद्यावर बंदूक ठेवू नकोस.”

सांगायची वेळ आलीच. युनिव्हर्सिटीचा फॉर्म घरी आला आणि बाबांनी तो माझी वाट न बघता, आपल्या ठेवणीतल्या फाउंटन पेनाने, सुंदर वळणदार अक्षरात भरून टाकला. मेडिसिन, पसंतीच्या पाचही ओळींत. मी म्हटलं, बाबा, मला हिस्टरी करायचीये.  मग बाबा म्हणाले, “राजेरजवाड्यांच्या गोष्टी वाचून कुणाचं भलं झालंय?” मी म्हटलं, राजेरजवाडे नाहीत, आम्हाला लाँग एसे आहे, अमेरिकेवर. हा शब्द ऐकून बाबा जरा सावरून बसले. “अमेरिकेवर? काय आहे अमेरिकेवर?”

आमचे इतिहासाचे मास्तर मिस्टर प्रिचर्ड, वेल्समधले, पावसापाण्यात सायकलवरून येणारे. त्यांनी मला विषय दिला होता: अमेरिकेने साम्राज्य मिळवलं, की ते तिच्या गळ्यात पडलं? मी बाबांना जमेल तसं समजावलं. एकोणिसाव्या शतकाच्या टोकाला अमेरिका क्यूबाला सोडवायला म्हणून स्पेनशी लढली, आणि घरी परतताना पोर्तो रिको, ग्वाम आणि पार पॅसिफिकपलीकडची फिलिपीन्सची बेटं बरोबर घेऊन आली. हवाईही त्याच सुमारास पदरात पाडून घेतलं. फिलिपिनो लोक तर आपले आपण स्पेनला हाकलत होते. त्यांना वाटलं, पाहुणा मदतीला आला. पाहुणा राहिलाच, आणि त्यांनी जा म्हटल्यावर त्यांच्याशीच लढला. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “म्हणजे आयत्या बिळावर नागोबा!” बाबांना ते काही रुचलं नाही. “अमेरिकेचं राज्य? राज्य इंग्रजांचं असतं,” ते म्हणाले. तरी ते मनाचे सरळ होते. थोडा वेळ येरझारा घालून त्यांनी अट घातली. शाळेत पालकांसमोर निवडक निबंध वाचायचा कार्यक्रम असे, शनिवारी दुपारी. “तिथे वाच. मी येतो, ऐकतो. मला पटलं, की या मुलीला हे खरंच येतंय, तर मी फॉर्म बदलीन. नाही पटलं तर मेडिसिन, आणि पुन्हा हा विषय नाही. अ‍ॅग्रीड?” मी म्हटलं, अ‍ॅग्रीड. 

त्याच सुमाराला लूझची आई आली. लूझला बाळ झालं होतं, नवरा जहाजावर, तिच्या ड्यूट्या चालूच, म्हणून म्हातारीला बोलावून घेतलं. लोला म्हणजे त्यांच्या भाषेत आजी, आणि आम्ही सगळे त्यांना लोलाच म्हणू लागलो. सत्तरी ओलांडलेल्या, चणीने लहान, काळा फ्रॉक, पायात लूझचे लोकरी मोजे. पहिल्या दिवशी आईने मला ढकललं, “नमस्कार कर.” मी वाकले. त्यांच्याकडे लहानांनी मोठ्यांचा हात हातात घेऊन कपाळाला लावायची पद्धत, म्हणून त्यांनी त्याच क्षणी हात पुढे केला. मी वाकत होते आणि त्यांचा हात वर येत होता. माझ्या नाकावर असा सणसणीत बसला की डोळ्यांत पाणी आलं. लोला हसून हसून खुर्चीत बसल्या. मग माझा हात धरून त्यांनी रीत शिकवली आणि म्हणाल्या, “नाऊ स्टँड अप स्ट्रेट, यंग लेडी.”

हे त्यांचं इंग्रजी! इथून पुढे त्यांचं बोलणं मी बहुतेक मराठीतच देते आहे, पण ते मूळचं अस्सल अमेरिकन, शाळामास्तरणीच्या ठसक्याचं होतं. बाबा तर खूशच झाले. लोला त्यांच्या गावच्या पहिल्या अमेरिकन शाळेत शिकल्या होत्या. युद्ध संपतं न संपतं तोच अमेरिकेने जहाज भरभरून मास्तर पाठवले होते, त्यातल्या एक मिस एडना. लोला त्यांच्याविषयी बोलायला लागल्या की लूझ डोळे फिरवून वॉर्डवर पळून जाई. मिस एडना नखं तपासत. मिस एडना पेटी वाजवत. मिस एडनांनी फळ्यावर पहिल्या दिवशी लाल खडूने एक गोल काढला, वर देठ काढला आणि म्हणाल्या, ए फॉर अ‍ॅपल. वर्गातल्या एकानेही सफरचंद पाहिलं नव्हतं. मिस एडना दरवर्षी सांगत, की घरून खोकंभर मागवते, आणि ते खोकं काही आलं नाही. मनिलाच्या दुकानांत श्रीमंतांसाठी असत म्हणे, पण लोलांच्या वाट्याला आलं नाही. थेट इल्फर्डला, वयाच्या सत्तरीनंतर, लूझने त्यांच्या हातात पहिलं सफरचंद ठेवलं.

मी हे सगळं ऐकत होते आणि मनातून चडफडत होते. मला हे नको होतं. मला निबंधासाठी अत्याचार हवे होते. प्रिचर्डसरांच्या पुस्तकात एक ओळ होती, की सैन्याने खेड्यांतली माणसं आखून दिलेल्या हद्दीत कोंडली आणि बाहेरचं धान्य जाळलं, आणि समोर त्या काळातली जितीजागती बाई बसलेली, आणि ती मला नखं तपासण्याच्या गोष्टी सांगते! मी वहीत प्रश्न काढले आणि एकापाठोपाठ एक टाकले. अमेरिकन सैनिक फार क्रूर होते, नाही का? होय, लोला म्हणाल्या. तुम्हाला फार भीती वाटली असेल? होय, असेल. तुम्हाला त्यांचा राग येत असेल? लोलांनी माझ्याकडे बघून बाळाचा लंगोट बदलायला घेतला. “होय,” त्या म्हणाल्या. मी सगळे होकार लिहून घेतले. आज नातवंडांच्या वयाच्या मुलांना हे सांगते तेव्हा लाज वाटते, पण तेव्हा मला वाटलं होतं की मी भलतीच हुशार आहे.

मग भाताचा प्रकार झाला. आईने लोलांना जेवायला बोलावलं होतं. आई मराठीत बोले, लोला इंग्रजीत, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळे. लसूण घालून परतलेला त्यांच्याकडचा भात आईने पहिल्यांदा खाल्ला तेव्हा म्हणाली, “अहो, हा तर आपला फोडणीचा भात,” आणि लोलांनी मान डोलावली, जणू मराठी पूर्वजन्मापासून येतं. त्या दुपारी अशाच गप्पांत आईचा भात खाली लागला. आमच्याकडे पाहुण्याला करपलेलं वाढणं म्हणजे घराण्याची अब्रू गेली. आईने घाईघाईने वरचा भात दुसऱ्या भांड्यात काढला, लोलांकडे पाठ करून करपलेला थर खरवडून वर्तमानपत्रात घेतला आणि गुपचूप बिनकडे वळली. एवढ्याशा त्या म्हातारीने खुर्चीतून उठून तिचं मनगट धरलं. “नो, मिसेस. नो.” त्यांनी तो कागद आईच्या हातातून घेतला, टेबलावर उघडला, आणि ती काळी तांबूस खरवड बोटांनी मोडून खायला लागल्या. डोळे मिटून. आई शरमेने अर्धमेली झाली. “अहो, विजू, सांग ना त्यांना, चांगला भात आहे म्हणावं!”

लोलांनी खाता खाता सांगितलं. त्या चारपाच वर्षांच्या असतील. वडील डोंगरात, लढणाऱ्यांबरोबर. सैनिकांनी दवंडी दिली, सगळ्यांनी चर्चभोवतीच्या हद्दीत या, जो बाहेर राहील तो शत्रू. आणि डोंगरातल्यांच्या हाती पडू नये म्हणून बाहेरची भाताची कोठारं पेटवली. आईने, म्हणजे लोलांच्या आईने, राख निवल्यावर टोपलीने ती राख चाळली. आत अर्धे जळलेले तांदूळ होते. धुऊन, शिजवून, तेच सबंध मोसम खाल्ले. “धुराची चव जाता जात नाही,” लोला म्हणाल्या, आणि मोडलेला एक तुकडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला नाही. मी वही आणायला धावले. परत येऊन विचारलं, “तुम्ही रडत रडत खाल्लंत, ना?” लोला म्हणाल्या, “असेल.” मी लिहिलं: अश्रूंनी भिजलेला जळका भात.

निबंध झकास झाला. म्हणजे मला तसं वाटलं. मिस एडना, नखं, पेटी, लाल खडू, सगळं मी काढून टाकलं, कारण त्याने रसभंग होत होता. राहिली आग, राख आणि रडणारी पोर. शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये बाबा सूट घालून पहिल्या रांगेत, शेजारी आई, कांजीवरमवर हिवाळी कोट, आणि तिच्या शेजारी लोला, लूझची हॅट घालून. मी वाचलं. शेवटचं वाक्य संपवलं तेव्हा एक बाई रुमालाने डोळे टिपत होत्या. टाळ्या झाल्या. मी बाबांकडे पाहिलं, त्यांचा चेहरा मऊ झाला होता, आणि मला वाटलं, जिंकले! एवढ्यात प्रिचर्डसर उठले आणि म्हणाले, की आपलं भाग्य, की या निबंधातली ती मुलगी आज इथे बसली आहे. मॅडम, तुम्ही दोन शब्द बोलाल का?

लोला उठल्या. उभ्या राहिल्यावरही त्या बसल्याएवढ्याच दिसत. त्यांनी हॅट सारखी केली. “फार छान कॉम्पोझिशन आहे,” त्या खणखणीत म्हणाल्या, “पण त्यात दोन चुका आहेत.” हॉलमध्ये हशा पिकला. मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. “पहिली. मी रडले नव्हते. मी आईला विचारलं होतं, बरोबर मासा आहे का? नव्हता. म्हणून मी रुसले होते. रुसणं आणि रडणं वेगळं असतं. दुसरी चूक. माझ्या मिस एडना कुठे गेल्या?” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, वर्गात बघतात तसं. “ज्यांनी आमचा भात जाळला ते आणि जिने मला अक्षर दिलं ती, दोघंही एकाच देशातून आले, यंग लेडी. ते कसं, याचा विचार मी सत्तर वर्षं करते आहे. तू तो एका दुपारी सोपा करून टाकलास.” आणि त्या खाली बसल्या. यावेळी टाळ्या जास्त झाल्या, आणि त्या माझ्यासाठी नव्हत्या. बक्षीस रेल्वेवर लिहिणाऱ्या एका मुलीला मिळालं. बाहेर पडताना मी लोलांपाशी गेले. त्यांनी नुसता हात पुढे केला. तो मी कपाळाला लावला, नीट, नाकाला न लागता.

बसमध्ये बाबा तिकीट बोटांत फिरवत होते. आई खिडकीबाहेर बघत होती. गेलं सगळं, मी मनात म्हटलं, आता पाच वर्षं बेडूक फाडा. घरी आल्यावर बाबांनी कोटही न काढता मला हाक मारली. “ती वही आण बरं. तू त्यांना काय काय विचारलंस ते बघू.” मी आणली. बाबांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, “क्रूर होते, नाही का? भीती वाटली असेल? रडत रडत, ना?” आणि ते हसायला लागले. मला वाटलं होतं रागावतील, तर ते पोट धरून हसत होते. “अगं विजू, अशी केस घेतली असती ना मी, तर अर्धा वॉर्ड मारला असता!” मग खुर्ची ओढून ते माझ्यासमोर बसले. त्यांनी मला जे सांगितलं ते मी पुढे चाळीस वर्षं माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आले. ते म्हणाले, “इथे नवा होतो तेव्हा एक म्हातारा होता वॉर्डात. डॉक्सवर, गोदीत काम केलेला माणूस. मी रोज विचारायचो, बरं वाटतंय ना? तो म्हणायचा, मस्टन्ट ग्रम्बल, डॉक्टर, कुरकुर कशाला करायची. मी लिहायचो, कम्फर्टेबल. चौथ्या दिवशी मला कळलं की त्याच्या पोटात गाठ आहे, आणि तो चार रात्री झोपलेला नाही. मी विचारलंच नव्हतं. मी त्याच्या तोंडात उत्तर ठेवलं, त्याने सभ्यपणे ते मला परत दिलं. तेव्हापासून मी बेडशेजारी बसतो, काय होतंय विचारतो, आणि गप्प राहतो. फार कठीण असतं गं गप्प राहणं. तू परत जा लोलांकडे. प्रश्न नेऊ नकोस. फॉर्मला अजून तीन आठवडे आहेत.” मी म्हटलं, पण बाबा, तुम्हाला पटलं नाही तर मेडिसिन असं ठरलं होतं. “मी अजून पटलं की नाही ते सांगितलंय कुठे?” बाबा म्हणाले, आणि मग कोट काढला.

मी गेले. कोरी वही घेऊन लोलांच्या स्वयंपाकघरात बसले, त्या वाटाणे सोलत होत्या, मीही सोलायला लागले. पहिल्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही नाही. बाबा खरं सांगत होते, जीभ चावून चावून दुखायला लागली. दुसऱ्या दिवशी लोला आपण होऊन म्हणाल्या, की त्यांचे वडील डोंगरातून परत आले होते. मी हे विचारलंच नव्हतं! माझ्या निबंधात ते डोंगरातच राहून गेले होते. वडील सुतार होते. गावात अमेरिकन शाळा निघाली तेव्हा तिचे बेंच करायचं काम त्यांनाच मिळालं. ज्यांच्याशी लढले त्यांच्या शाळेचे बेंच. इतके मजबूत केले की लोलांची मुलंही त्याच बेंचांवर शिकली. पण स्वतः ते त्यावर कधी बसले नाहीत. लोलांना शाळेतून न्यायला येत तेव्हा दारात उभे राहत, पाऊस असला तरी. मी लिहीत राहिले. वाटाणे संपले, तेव्हा मी एकच प्रश्न विचारला, आणि तो बाबांच्या पद्धतीने विचारला. “ते पहिलं सफरचंद, लोला. कसं होतं?”

लोलांनी वाटाण्यांची वाटी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, “आंबट होतं. पण सगळं खाल्लं. इथेसुद्धा मिस एडना बघत होत्या ना.”

आता इतक्या वर्षांनी, परवा माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लंडनमधल्याच पिनरच्या माझ्या घरी ड्रेसिंग करायला आलेली नर्स फिलिपीन्सची होती, पंचविशीतली, बडबडी. तिला पुढे अमेरिकेला जायचंय म्हणाली. मी तिला काही शहाणपण शिकवलं नाही, फक्त विचारलं, तुझी लोला कुठे असते? आणि गप्प बसले. तासभर गेली नाही ती. माझी लेक फोनवर ओरडली, “आई, तिला अजून किती व्हिजिट्स असतील, तू तिला सोडत का नाहीस!” लेकीच्या मराठीत लिंगवचन अजून चुकतं, पण तिला हे मात्र माहीत आहे की आईला लोकांना बोलतं करायची खोड आहे.

तर तेव्हाचा तो नवा निबंध मी एका रविवारी दुपारी आमच्या स्वयंपाकघरात वाचला. श्रोते पाच: आई, बाबा, लूझ, तिच्या मांडीवरचं बाळ आणि लोला. त्यात आग होती आणि राख चाळणारी आई होती, मासा नाही म्हणून रुसलेली पोर होती, नखं तपासणाऱ्या मिस एडना होत्या, दारात भिजणारा सुतार होता. शेवटी सफरचंद. अमेरिकेने साम्राज्य मिळवलं की ते गळ्यात पडलं, याला मी उत्तर दिलं होतं: ज्यांनी घेतलं त्यांना हा प्रश्न पडू शकतो, ज्यांचं घेतलं त्यांना बेंच करावे लागतात. वाचून झाल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लूझ, जी मिस एडनांचं नाव निघालं की पळून जाई, ती बाळाच्या डोक्यावर हनुवटी टेकून आपल्या आईकडे बघत होती. सुताराची गोष्ट तिनेही आजवर ऐकली नव्हती. आजोबांनी केलेल्या बेंचवर ती स्वतः शिकली होती आणि तिला ते माहीत नव्हतं. मी लोलांना भीत भीत विचारलं, “चुका?” त्या म्हणाल्या, “व्याकरणाच्या आहेत. नंतर दाखवते.”

आई उठून गॅसकडे गेली. तिने भाताच्या तळाशी डाव घातला आणि खरवड मोडून सगळ्यांच्या बश्यांत एकेक तुकडा ठेवला. “आज मुद्दाम लागू दिला,” ती म्हणाली, आणि हे वाक्य माझ्या आईच्या तोंडून निघणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्या बायकांनाच कळेल. यावेळी मी खाल्ला. खरंच धुराची चव होती, आणि वाईट नव्हती.

बाबांनी आपला तुकडा संपवला. ते आत गेले आणि फॉर्म घेऊन आले. टेबलावरच्या बश्या त्यांनी हळूच बाजूला सारल्या, कागद पसरला, ठेवणीतल्या पेनाचं टोपण काढलं. पाच ओळींत पाच वेळा लिहिलेलं ते सुंदर ‘मेडिसिन’ बघत थोडा वेळ बसले. त्यांना वाईट वाटत होतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. “वसंताला काय सांगू?” ते म्हणाले. आई म्हणाली, “खरं ते सांगा.” मग बाबांनी पहिल्या ‘मेडिसिन’वर पेन टेकवलं आणि खोडायला सुरुवात करणार, तोच टेबलाच्या पलीकडून आवाज आला.

“नो स्क्रिब्लिंग, डॉक्टर,” लोला म्हणाल्या. “रूलर घ्या. आणि ताठ बसा.”

आख्ख्या हॉस्पिटलात कन्सल्टंटपुढेही जे पोक काढूनच बसत, ते माझे बाबा खुर्चीत ताठ झाले. “येस, मिस,” ते म्हणाले, आणि मी पट्टी आणायला धावले.